देवाचं काय घेतलं होतं?

नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या चर्चमध्ये, तीसएक वर्षांपूर्वी, एका रविवारी माझ्या थोरल्या काकांनी साक्ष दिली. मराठी ख्रिस्ती मंडळीत ‘साक्ष देणं’ म्हणजे कोर्टात उभं राहणं नव्हे. उपासनेच्या वेळी पुढे जायचं आणि देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांसमोर सांगायचं. काका नुकतेच मोठ्या दुखण्यातून उठले होते. उभं राहताना त्यांचे पाय कापत होते. मी आयुष्यभर खोटं बोललो, दारू प्यायलो, आपल्याच माणसांना लुबाडलं, असं ते म्हणाले. आणि मग, दवाखान्यातल्या खाटेवर एका रात्री प्रभूनं मला क्षमा केली, माझं ओझं उतरलं. ते रडत होते. पुष्कळ जण रडले. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते, मीही रडले.

‘आपल्याच माणसां’पैकी एक माणूस बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बसलं होतं. माझी आत्या. ती लहान वयात विधवा झाली. नवऱ्यामागे जे पैसे मिळाले ते तिनं भाऊ म्हणून काकांकडे ठेवायला दिले, आणि ते तिला पुन्हा दिसले नाहीत. तिच्या मुलाचं शिक्षण दहावीवर थांबलं. त्या दुपारी घरी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “देवानं माफ केलं म्हणतो त्याला. बरं झालं. पण देवाचं काय घेतलं होतं त्यानं?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढची भाकरी तव्यावर पडली आणि विषय संपला. माझ्यासाठी तो अजून संपलेला नाही.

हा प्रश्न ख्रिस्ती माणसाला टाळता येत नाही, कारण तो बायबलमध्येच आहे. दावीद राजाची गोष्ट शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात येते. सैन्य लढाईवर गेलेलं असताना राजा यरुशलेमेत राहतो, गच्चीवरून बथशेबेला पाहतो, तिला बोलावून घेतो. तिला दिवस जातात. तिचा नवरा उरीया राजाच्याच सैन्यात लढतो आहे. दावीद त्याच्याच हाती सेनापतीसाठी पत्र देतो, आणि पत्रात त्याच्या मरणाची व्यवस्था केलेली असते. आपल्या मृत्यूचा हुकूम उरीया स्वतः वाहून नेतो. मग नाथान संदेष्टा येतो, श्रीमंताने हिरावून घेतलेल्या गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगतो, आणि चिडलेल्या राजाला दाखवून देतो की तो श्रीमंत म्हणजे राजाच.

एकावन्नावं स्तोत्र याच प्रसंगाशी जोडलेलं आहे. पश्चात्तापाची प्रार्थना म्हणून जगभरच्या चर्चमध्ये ते शतकानुशतकं म्हटलं जातं. त्याच्या चौथ्या ओवीत दावीद देवाला म्हणतो, की मी पाप केलं ते तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याच विरुद्ध. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओवीवर, आत्याचं ते वाक्य ऐकल्यानंतर, मी दरवेळी अडखळते. केवळ देवाविरुद्ध? मग उरीया कोण होता?

भाष्यकारांकडे याची उत्तरं आहेत, आणि ती टाकाऊ नाहीत. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे, म्हणून माणसावरचा प्रत्येक घाव शेवटी देवावर पडतो. शिवाय दावीद राजा होता. त्याला जाब विचारणारं देवाखेरीज दुसरं न्यायासन नव्हतं. दोन्ही उत्तरं मला पटतात. तरी त्यांत एक धोका राहतोच. घाव देवापर्यंत पोचतो तो माणसामधून जाऊन. मधला माणूस गाळून थेट देवाशी बोलणी करता येतात असं वाटलं, की पश्चात्ताप ही फार सोयीची गोष्ट होऊन बसते.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते. प्रत्येक खुनामागे एक खडा, असे सात रांजण भरले. मग उपरती झाली, नामजप सुरू झाला, अंगावर वारूळ चढलं आणि वाल्याचा वाल्मीकी झाला. गोष्ट सुंदर आहे. पण लहानपणी मला पडलेला प्रश्न कुणी सोडवला नाही: रांजणातल्या खड्यांचं पुढे काय झालं? एकेक खडा म्हणजे एकेक माणूस होता. दावीद, वाल्या आणि माझे काका, तिघांच्याही गोष्टीत सुटका होते ती पाप करणाऱ्याची.

पुढे अनुवाद हाच माझा व्यवसाय झाला. धार्मिक पुस्तकांचंही काम येत गेलं, आणि हा प्रश्न शब्दांच्या वाटेनं परत भेटला. ‘पश्चात्ताप’ या शब्दात ‘ताप’ आहे आणि तो ‘पश्चात्’, म्हणजे मागाहून होणारा आहे. तुकोबांच्या अभंगांतला ‘अनुताप’ही तसाच. दोन्ही शब्द आत काय जळतं ते सांगतात. हिब्रू बायबलमधलं मूळ क्रियापद मात्र चालण्याचं आहे. ‘शूव’ म्हणजे माघारी वळणं, परत येणं. नव्या करारातला ग्रीक शब्द ‘मेतानोइआ’ म्हणजे मन बदलणं, विचाराची दिशाच बदलणं. या दोन्हींत जळणं असू शकतं, पण जळणं म्हणजे ते नव्हे. वाट चुकलेला माणूस रस्त्यात बसून कितीही रडला तरी तो परत आला असं होत नाही.

या एका शब्दाने युरोपचा इतिहास हलवला. लॅटिन बायबलमधल्या शब्दयोजनेचा अर्थ ‘प्रायश्चित्त करा’ असा घेतला जात असे. १५१६ साली इरास्मसने ग्रीक नवा करार छापला आणि टिपांमध्ये दाखवून दिलं, की मूळ शब्द मन बदलण्याविषयी आहे. पुढच्याच वर्षी, १५१७ मध्ये, पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रं विकली जात असताना मार्टिन ल्यूथरने आपले पंचाण्णव सिद्धान्त मांडले. त्यांतला पहिलाच याविषयी आहे: विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्ताप असावं, असा ख्रिस्ताच्या हाकेचा अर्थ त्याने लावला. एखाद्या रात्रीत उरकून टाकण्याची ही बाब नाही, असं त्यातून निघतं.

‘क्षमा’ हा शब्दही असाच आत काहीतरी बाळगून आहे. संस्कृतात त्याच्या मुळाशी सोसणं आहे. म्हणून पृथ्वीलाही क्षमा म्हणतात. क्षमा करण्यासाठी हिब्रूत वापरलं जाणारं एक क्रियापद ‘नासा’, त्याचा अर्थ उचलणं, वाहून नेणं. दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध नसताना दोघींना एकच गोष्ट कळली होती, की क्षमेत ओझं नाहीसं होत नाही, ते कुणीतरी उचलतं. ख्रिस्ती श्रद्धा क्रुसाकडे बोट दाखवून म्हणते, की ते देवाने स्वतः उचललं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत तर पापाला ‘ऋण’च म्हटलं आहे. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची भाषा रोज ऐकणाऱ्या आपल्याला हे समजायला जड नाही. माफ झालेलं कर्ज हवेत विरत नाही. त्याची झळ कुणीतरी सोसतं. म्हणूनच आत्याचा प्रश्न इतका अचूक होता. काकांचं ओझं उतरलं, पण पैशाचं ओझं तिनेच वाहिलं होतं, आणि ते वाहशील का असं तिला कुणी विचारलं नव्हतं.

गंमत अशी, की तिचा प्रश्न बायबलच्या कायद्याने तिच्या कितीतरी आधी ओळखलेला आहे. लेवीयच्या सहाव्या अध्यायात अगदी काकांसारख्याच माणसाचं प्रकरण येतं: शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू ज्याने नाकबूल केली, त्याचं. कायदा या गुन्ह्याला देवाविरुद्धचा अपराध म्हणतो, म्हणजे दावीदाची ओवी इथेही खरी आहे. पण लगेच सांगतो, की मुद्दल परत कर, वर पाचवा हिस्सा घाल, ज्याचं त्याला दे, आणि दोषार्पण घेऊन याजकाकडे ये. येशू डोंगरावरच्या प्रवचनात तेच अधिक धारदारपणे सांगतो. वेदीपाशी दान घेऊन उभा असताना भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. देवाला थांबवून ठेवायला सांगणारा हा उपदेश आहे. यहुदी परंपरेतही मिश्नाची शिकवण अशीच आहे: प्रायश्चित्ताचा दिवस देवाविरुद्धच्या पापांची भरपाई करतो, माणसाविरुद्धच्या पापांची नाही, जोवर त्या माणसाची समजूत घातली जात नाही.

मग क्षमा म्हणजे परतफेडीचं बक्षीस का? तसंही नाही, आणि इथे ख्रिस्ती विचार आपली वेगळी वाट धरतो. जकातदार जक्कयाची गोष्ट लूकने सांगितली आहे. तो लोकांना नाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणतो. जक्कयाने तोवर एक पैसाही परत केलेला नाही. कृपा आधी आली. त्यानंतर तो उभा राहून म्हणतो, की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो. हीच चौपट भरपाई दावीदाने मेंढीच्या गोष्टीतल्या श्रीमंताला फर्मावली होती. माझ्या समजुतीप्रमाणे सारं मर्म या क्रमात आहे. आपण कवडीमोल ठरलो नाही, आपल्याला अजून कुणी नावाने हाक मारतं, हे कळल्याशिवाय हिशेबाची वही उघडण्याचं धाडस माणसाला होत नाही. देवाची क्षमा वही बंद करायला येत नाही. ती उघडण्याचं बळ द्यायला येते. डीट्रिच बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला, तो वही न उघडता मिळवलेल्या क्षमेसाठी. हिटलरला विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलमध्ये त्याला फाशी देण्यात आलं. कृपेची किंमत तो पुस्तकापुरती सांगत नव्हता.

वही उघडायला किती वेळ लागू शकतो, याचं जॉन न्यूटनइतकं बोलकं उदाहरण मला माहीत नाही. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत त्याचं. आपल्याकडच्या कितीतरी चर्चमध्ये ते गायलं जातं. प्रचलित कथा अशी, की गुलामांच्या व्यापारातला हा खलाशी वादळात सापडला, त्याला देव भेटला आणि तो बदलला. तारखा लावून पाहिल्या की कथा अवघड होते. वादळ १७४८ च्या मार्चमधलं. त्यानंतर, म्हणजे देव भेटल्यानंतर, तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत आफ्रिकेतून माणसं भरून नेत राहिला. थांबला तो आजारपणामुळे. १७६४ मध्ये तो पाळक झाला, १७७३ च्या नववर्षाच्या उपासनेसाठी ते गीत लिहिलं, आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका निघाली ती १७८८ मध्ये. वादळानंतर चाळीस वर्षांनी.

त्या पुस्तिकेत आपली कबुली फार उशिरा येते आहे हे त्याने स्वतःच मान्य केलं. पण मग त्याने आडपडदा ठेवला नाही. जहाजाच्या पोटात माणसं कशी रचली जात, त्यांचं काय केलं जाई, हे त्याने लिहिलं, आणि ब्रिटिश संसदेच्या समितीपुढे जाऊन सांगितलंही. चर्चमधली साक्ष आणि कोर्टातली साक्ष त्याच्या बाबतीत शेवटी एक झाली. १८०७ मध्ये ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो गेला. वादळातल्या त्या रात्रीची क्षमा खोटी होती का? मी तसं म्हणणार नाही. पण ती त्याच्या जहाजाच्या तळघरापर्यंत उतरायला चाळीस वर्षं लागली, आणि दरम्यान तिथल्या माणसांसाठी तिचा उपयोग शून्य होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता अवघड भाग. न्यूटनने ज्यांना समुद्रापार नेऊन विकलं, ती माणसं त्याला पुन्हा भेटणार नव्हती. उरीया तर मेलेलाच होता. ज्याच्यावर अन्याय झाला तोच उरला नाही, तर क्षमा कुणी करायची? दस्तयेव्हस्कीच्या ‘ब्रदर्स करमाझफ’मध्ये इव्हान हाच प्रश्न घेऊन बसतो. ज्या आईच्या मुलावर शिकारी कुत्रे सोडून त्याला मारलं, तिने स्वतःच्या दुःखाबद्दल हवं तर क्षमा करावी. मुलाच्या यातनांबद्दल क्षमा करण्याचा हक्क तिलाही नाही, असं तो म्हणतो. मला त्याचं खोडून काढता येत नाही.

पण इव्हानने मोकळी सोडलेली जागा लहान नाही. सिस्टर राणी मारिया या केरळच्या जोगिणीचं काम मध्य प्रदेशात, इंदूरजवळच्या खेड्यांत होतं. भूमिहीन आणि आदिवासी कुटुंबांना सावकारीच्या विळख्यातून सोडवण्याचं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमधून जात असताना, इतर प्रवाशांच्या देखत, त्यांना भोसकून मारण्यात आलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. त्यांची धाकटी बहीणही जोगीण. २००२ च्या राखीपौर्णिमेला ती तुरुंगात गेली आणि तिने त्या माणसाला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी अर्जही केला. सुटल्यावर तो केरळात जाऊन राणी मारियांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये चर्चने राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं.

या बहिणीने राणी मारियांच्या वतीने क्षमा केली असं मी म्हणणार नाही. तिने आपल्या वाट्याचं उचललं. आणि त्याने काय केलं, तर तो त्या दारात गेला जिथे जाणं सर्वांत कठीण होतं. मेलेल्याच्या वाट्याचं जे उरतं, ते फक्त देवाकडे सोपवता येतं. ‘केवळ तुझ्याच विरुद्ध’ ही ओवी मला या एका जागी खरी वाटते: जिथे माणसाकडे जाण्याच्या साऱ्या वाटा चालून झाल्या आहेत आणि पुढे वाट नाही, तिथे.

योग्य दाराची ही गोष्ट यहूदाच्या आणि पेत्राच्या कथेतही आहे. दोघांनी एकाच रात्री येशूला दगा दिला. मत्तय सांगतो की यहूदा पस्तावला, आपण निर्दोष रक्ताचा घात केला असं त्याने कबूल केलं आणि तीस रुपेही परत केले. अनुताप, कबुली, परतफेड, तिन्ही झालं. पण तो गेला मुख्य याजकांकडे, म्हणजे गुन्ह्यातल्या भागीदारांकडे, आणि त्यांनी हात झटकले. त्याच्या शेवटाविषयी निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. मला एवढंच दिसतं, की त्याला योग्य दारापर्यंत पोचवणारं कुणी भेटलं नाही. पेत्र मात्र, ज्याला नाकारलं त्याच्याच समोर शेवटी येतो. योहानाने एक बारीक गोष्ट टिपली आहे. पेत्राने तीनदा नाकारलं ते कोळशाच्या विस्तवापाशी; पुनरुत्थानानंतर समुद्रकाठी येशू वाट पाहतो तेव्हाही समोर कोळशाचा विस्तव पेटलेला असतो. आणि तो तीनदा विचारतो, माझ्यावर प्रेम करतोस का. क्षमा पेत्राला त्या रात्रीच्या जागी परत नेते, आणि मग पुढचं काम सोपवते.

आणि उरीया? मत्तयाच्या पहिल्याच पानावर येशूची वंशावळ आहे. शलमोनाच्या आईचं, बथशेबेचं नाव तिथे दिलेलं नाही. ती उरीयाची बायको होती, असं लिहिलं आहे. दावीदाला क्षमा होऊन शतकं उलटली होती, तरी उरीयाचं नाव खोडलं गेलं नाही. खुद्द तारणाऱ्याच्या वंशावळीत ते जपून ठेवलं. एवढ्या एका नावासाठी मी मत्तयाची ऋणी आहे.

काकांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्याचे पैसे त्यांनी दिले नाहीत. ते ढोंगी होते असं मला वाटत नाही. त्या दिवशीचे अश्रू खरे होते. दवाखान्यापासून वेदीपर्यंत ते आले, पण तिसऱ्या बाकापर्यंतची दहा पावलं राहून गेली. मंडळीतल्या कुणीही, मीही, त्यांना ती चालायला सांगितली नाही.

आणि एक गोष्ट मी इतका वेळ सांगितलेली नाही. माझ्या एम. ए.ची फी काकांनी भरली होती. तौलनिक साहित्य, दोन वर्षं, वसतिगृहासकट. पैसे कुठून आले ते मला तेव्हा ठाऊक होतं, निदान अंदाज होता. हिब्रू आणि ग्रीक शब्दांविषयी वर जे लिहिलं, ते वाचायला शिकले ते त्या पैशांवर. ज्या मुलाचं शिक्षण दहावीवर थांबलं तो माझा आतेभाऊ.

गेल्या वर्षी हैदराबादहून गावी गेले तेव्हा आत्याला हे सांगितलं, आणि त्या फीचा आकडा, वर पाचवा हिस्सा धरून, एका कागदावर लिहून नेला. मी तिच्याकडे क्षमा मागितली. तिने चष्मा लावून कागद बराच वेळ पाहिला. क्षमा केली असं ती म्हणाली नाही. अजूनही म्हणालेली नाही. म्हणाली, “एकदम नको देऊस, तुलाही संसार आहे. महिन्याच्या महिन्याला दे.” मग कागदाची घडी घालून तिने ती बायबलमध्ये ठेवली. कोणत्या पानात, ते मी पाहिलं नाही.